इवायाच्या हातचा रस्सा

व्याह्याला आमच्या वऱ्हाडात इवाई म्हणतात. माझा इवाई अकोल्याचा, मी अमरावतीचा. मधे मूर्तिजापूर आहे, बडनेरा आहे, तरी दोन हिवाळे हा माणूस माझ्या चुलीपाशी ठाण मांडून बसला होता. स्वतः येत नव्हता. माझ्या सुनेच्या तोंडून यायचा, आणि मी हातात पळी घेऊन जळत उभा राहायचो. खोटं कशाला बोलू, जळतच होतो.

मी वीज खात्यातला लाईनमन. सगळी नोकरी खांबावर गेली. निवृत्त झालो तेव्हा घरातली बाकीची खाती बायकोकडं होती, माझ्या वाट्याला एकच आलं, कोंबडीचं. थंडी पडली, गार वारं सुटलं, की रविवारी मागच्या अंगणात चूल पेटवायची आणि गावरान कोंबडी मी शिजवायची. बायकोनं भाकरी टाकायच्या आणि मधे बोलायचं नाही, असं आमचं ठरलेलं. तिनं ते कधी पाळलं नाही, ती गोष्ट वेगळी.

कोंबडीला घाई चालत नाही. लोक कुकर लावतात, शिट्ट्या मोजतात आणि वर म्हणतात चव नाही आली. कुठून येईल बाप्पा? चूल पऱ्हाट्यांनी पेटवावी, कापसाची वाळली झाडं ती, भडकन पेटतात. पण त्या जाळावर मांस शिजवू नये. मग बाभळीचं लाकूड सारायचं आणि त्याचा निखारा होऊ द्यायचा. त्या निखाऱ्यात अख्खे कांदे भाजायचे, खोबऱ्याची वाटी भाजायची. धने, खसखस, मिरे, दगडफूल तव्यावर. सगळं पाट्यावर वाटायचं. मिक्सरला मी अंगणात पाय ठेवू देत नाही. पातेल्याला आम्ही गंज म्हणतो. त्या गंजात तेल, तेलात वाटण, ते तेल सोडेपर्यंत परतायचं, मग कोंबडी टाकायची, झाकण घालायचं आणि झाकणात पाणी ओतायचं. वरचं पाणी तापलं की तेच आत सोडायचं. गार पाणी घातलं की मांस रुसून बसतं. मग नुसतं बसायचं, निखारा मागंपुढं करायचा, आणि कॉलनीतली कुत्री आणि शेजारी दोघांनाही वासावर झुरवत ठेवायचं.

आता एवढं करून खाणार कोण? मला पोरगी नाही. एक पोरगा, बँकेत आहे, जेवताना मोबाईल पाहतो. त्याच्या ताटात कोंबडी वाढली काय आणि आलूची भाजी वाढली काय, सारखंच. गाढवाला गुळाची चव काय! बायको खाते, पण खाताना चुका काढते. म्हणून पोराचं लग्न झालं आणि अकोल्याची ही पोरगी घरात आली, तेव्हा माझ्या मनात काही वेगळंच होतं. तिची माय ती शाळेत असतानाच गेलेली. बापानं एकट्यानं वाढवलेली. मी म्हटलं, हिला आई नाही, मला लेक नाही, जमून जाईल.

पहिल्या थंडीत मी तिच्यासाठी म्हणून कोंबडी केली. तिनं भाकर कुस्करली, रस्सा ओतला, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, झालं, मिळाली! या घरात एक तरी जीभ असलेलं माणूस आलं. गप्प बसायला काय झालं होतं? पण नाही. हात दाखवून अवलक्षण. विचारलं, "कसा झाला?"

"मस्त झाला मामाजी," ती म्हणाली. "पन आमचे बाबा करते ना..."

आणि सुरू झाली. बाबा असं करते, बाबा तसं करते. थंडीत बाबा रश्श्यात तुरीचे हिरवे सोले टाकते. अकोल्याच्या घरी मागं न्हाणीजवळ चूल आहे, तिथं रविवारी बाबा आणि ती अशी दोघंच बसायची, आणि बाबा तिला चाखायला आधी द्यायचे. बोलता बोलता तिचे डोळे असे चमकत होते की माझा रस्सा ताटात निवून त्यावर साय धरली, तरी तिला पत्ता नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायको भाकरी शेकता शेकता तोंडाला पदर लावून हसत होती.

पुढच्या वेळी मी सोले टाकले. "असेच मामाजी!" ती म्हणाली. "पन बाबा ते आधी भाजून घेते." त्याच्या पुढच्या वेळी भाजून टाकले. "हाव, हाव, असेच! पन बाबांचा रस्सा जरासा पातळ राह्यते." मी पातळ केला. मग तिनं काही म्हटलंच नाही, नुसती खिडकीकडं पाहत जेवली, आणि ते मला त्या सगळ्या 'पन'पेक्षा जास्त झोंबलं. या माणसाशी लढावं तरी कसं? तो समोर असता तर दोन हात केले असते. तो अकोल्यात, आणि त्याचा रस्सा हिच्या जिभेवर.

शेवटी लाज सोडून मी त्याला फोन लावला. म्हटलं, काढून घेऊ गोड बोलून.

"काय इवाईबुवा, थंडी आहे का तिकडं?"

"हाव, आहे ना."

"मंग? कोंबडी-गिंबडी?"

तो म्हणाला, "नाही जी. आजकाल नाही करत."

"तुमची लेक तर लय तारीफ करते. मसाल्यात काय टाकता तरी काय असं?"

"तिचं काय मनावर घेता. आपलं साधंच असते."

साधंच असते! मी फोन ठेवला आणि बायकोला म्हटलं, "लपवून राह्यला बुढा. बरोबर सांगत नाही."

"तो तुमच्याऊन लहान हाय," बायको म्हणाली. "आन त्यानं सांगतलं तरी तुमच्या हातानं तुमचंच होईन."

हा इवाई आमच्याकडं यायचा, नाही असं नाही. पण कसा यायचा? दोन जेवणांच्या मधे. चहा प्यायचा, लेकीला पाहायचा, "गाडीची वेळ झाली" म्हणायचा आणि चालला. या जानेवारीत मात्र सुनेनं त्याच्यामागं लकडाच लावला, आणि एका रविवारी बाबा जेवायला येणार, असं तिनं मला चहा देता देता सांगितलं. मी म्हटलं, येऊ दे! तिच्यासमोर त्याला माझा रस्सा खाऊ घालतो आणि त्याच्याच तोंडून कबूल करून घेतो. त्यानं एकदा म्हटलं की तिला म्हणावंच लागेल. एवढंच पाहिजे होतं मला. तिनं एकदा, मधे 'पन' न टाकता, म्हणावं.

त्या दिवशी थंडी अशी होती की नळाचं पाणी हाताला चावत होतं. मी सकाळीच जाऊन कोंबडा आणला, तोही उलटासुलटा पाहून, पाय दाबून, दुकानदाराचं डोकं खाऊन. दुपार व्हायच्या आत चूल पेटली. सुनेनं लसूण सोलून दिला, सांभार निवडून दिला. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो, पुण्याच्या पाहुण्यांनी घाबरू नये. मी निखारा इतका जपला की तान्ह्या पोराला कोणी एवढं जपलं नसेल. गंजात नुसतं बुड-बुड, बुड-बुड. झाकणावरचं पाणी वाफाळत होतं. वर तर्री अशी लालभडक आली की बायकोसुद्धा डोकावून गेली आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही म्हणजे समजून घ्या.

उन्हं कलायला लागली तेव्हा दारात ऑटो थांबला. सून धावली. धावली म्हणजे खरोखर, एक चप्पल पायरीवरच राहिली. "बाबा!" अशी तिची हाक मी त्याआधी ऐकलीच नव्हती. आमच्याशी ती बोलते ती नीट, आवाज जपून, मामाजी अन् आत्याबाई करून. बाप आला आणि पोरगी दहा वर्षांची झाली. त्याच्या हातातली पिशवी हिसकावली, मफलर ओढला, "किती वाळले तुमी!" म्हणून त्यालाच रागवली. पिशवीत काय होतं? बोरं, आणि तुरीचे सोले. माझ्या घरी, माझ्या कोंबडीच्या दिवशी, हा माणूस सोले घेऊन आला!

"सोले मी टाकले आधीच, इवाईबुवा," मी चुलीपासूनच ओरडलो. "भाजून!"

तो कसनुसा हसला आणि खाटेवर बसला. ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या तोंडाला खळ नाही. तिच्या ऑफिसात नवा साहेब आला, तो असा चिडतो. शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली. जिना चढताना तिचा डावा गुडघा दुखतो. मी चुलीत फुंकर घालता घालता थांबलो. गुडघा दुखतो? दोन वर्षं एका छपराखाली राहतो, रोज वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालायला हीच जाते, आणि गुडघा दुखतो हे मला त्याच्याबरोबर कळतंय! आवेश असा आला की लाकूड जोरात सारलं आणि ठिणगी उडून माझ्याच पायावर पडली.

"रस्सा करपवान," बायको म्हणाली. "जरा तिकडचे कान इकडं करा."

अंधारून आलं तशी अंगणात चादर अंथरली. बायकोनं गरम भाकरी टोपलीत काढल्या. मी झाकण उघडलं. वास असा उठला की पोरानंसुद्धा मोबाईल खिशात घातला. पहिलं ताट मी इवायासमोर ठेवलं आणि पळी भरून घेतली.

त्यानं दोन्ही हात जोडले. "नाही इवाईबुवा. माफ करा. मी लेकीच्या घरी जेवत नसतो."

मला आधी कळलंच नाही. लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं अन्न घ्यायचं नाही, ही जुनी रीत कुठं कुठं अजून पाळतात, हे मला माहीत आहे. पण आमच्यात? आम्ही बौद्ध. माझ्या आज्यानं छप्पन साली धम्म घेतला तेव्हा असल्या रीती घरातून झाडून काढल्या. आणि हा इवाई कोण? माझ्या पोराच्या लग्नात माईक हातात घेऊन हुंडा नको, मानपान नको, खुळचट रूढी नको, असं भाषण ठोकणारा. मंडपात टाळ्या मी वाजवल्या होत्या.

"आपल्यात कधीपासून आली ही रीत?" मी विचारलं.

"आहे आपली माया मनाची एक," तो खाली पाहून म्हणाला.

"आन चहा? दोन वर्षं चहा पेल्ला तो कोनाच्या घरचा होता? लेकीच्या घरचा नोता? का कपात ओतला का त्याचं घर बदलते?"

पोरगा "बाबा, जाऊ द्या" म्हणाला. मी कशाला जाऊ देतो! सकाळपासून धूर खाल्लेला, पायावर चटका, आणि वर हे. पळी गंजात आपटली.

"इवाईबुवा," मी म्हटलं, "'तुमच्या घरचं खात नाही', हे मी पह्यल्यांदा नाही आयकून राह्यलो. माया आज्यानं आयकलं, माया बापानं आयकलं. मी सोता आयकलं. ज्याच्या घरात मी खांबावर चढून उजेड केला, त्यानं मले ओट्याखाली उभं ठेवून वरून पानी ओतलं. पन ते लोक दुसरे होते. आपल्या मानसाच्या तोंडून हे आज आयकलं."

बायकोच्या हातातली भाकर हातातच राहिली. इवायाचा चेहरा राखेसारखा झाला. जोडलेले हात त्यानं सोडले, काय करावं ते न कळून गुडघ्यावर ठेवले.

"मले ते सुचलंच नाही," तो म्हणाला. "तुमची शप्पथ, हे असं आयकू जाईन, हे मनातच आलं नाही."

"मंग काय आलं मनात?"

"रीत-बीत काही नाही. खोटं बोललो मी. हिची माय गेली, तवा ही काही खायेच ना. मले काहीच येत नोतं. कोंबडी तेवढी शिकलो मी, हिच्यासाठी. दर थंडीत करत होतो आमी दोघं. आता घरी चूल पेटत नाही. एकट्यापुरती कोंबडी कोन शिजवते जी? आन ही फोन करते दर रविवारी. बाबा, मामाजीनं आज असा रस्सा केला, बाबा, मामाजी सोले भाजून टाकते, बाबा, मी दोन भाकरी खाल्ल्या. मी हाव हाव म्हनतो. म्हनून येतो तो दोन जेवनांच्या मधात येतो. मले भेव होतं इवाईबुवा. हा रस्सा खरंच माया रश्श्याऊन चांगला निंघाला, तर मी काय करू? मायापाशी दुसरं काय हाय तिले द्याले?"

सून रडायला लागली होती. "बाबा, असं काहून बोलता?"

आणि मी काय करावं? माणूस म्हणून त्याला जवळ घ्यावं की नाही? माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घुसली. मी सुनेकडं वळलो. "तू याले माया रश्श्याची तारीफ सांगत होती? दर रविवारी? आन मले तोंडावर एक शब्द नाही?"

"तुमाले काय सांगाचं मामाजी?" ती डोळे पुसत म्हणाली. "तुमी तं घरीच राह्यता. समोरच असता. बाबाले सांगा लागते. त्यायले घोर नाही लागला पायजे, का पोरगी तिकडं कशी हाय, खाते का नाही खात."

म्हणजे? रस्सा चांगला होता म्हणून सांगत होती, की बापाला घोर लागू नये म्हणून? विचारायचं जिभेवर आलं होतं. बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की मी ते गिळलं. अजून गिळलेलंच आहे.

"जेवा आता," बायको इवायाला म्हणाली. "निवून राह्यलं. ते भांडन उद्यापन गरम होते, हे नाही होत."

त्यानं ताट पुढं ओढलं. मी वाढलं. तंगडी वाढली, पोटा वाढला, तर्री वरून सोडली. त्यानं भाकर कुस्करली. पहिला घास घेतला. मी पोराच्या दहावीच्या निकालालाही एवढा जीव मुठीत धरून बसलो नव्हतो.

तो चावत राहिला. नाकाला पाणी आलं, ते मफलरनं पुसलं. दुसरा घास, तिसरा घास. चांगला म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही. मान वर न करता म्हणाला, "ईनबाई, आनखी भाकर द्या."

ईनबाई म्हणजे माझी बायको, विहीणबाई. तिनं भाकर दिली आणि माझ्याकडं पाहून भुवई उडवली. झालं! कबूल केलं त्यानं. माझी छाती अशी भरून आली की मी सुनेचं ताट स्वतः घेतलं. निवडून निवडून वाढलं, तिला आवडतात ते मऊ तुकडे, सोले वेचून वर. आता ही म्हणणार. आता मधे 'पन' यायला जागाच नाही. ते ताट मी तिच्यासमोर ठेवलं.

ती बापाशेजारी मांडी घालून बसली. मी वाढलेल्या ताटाला तिचा हातही लागला नाही. बापाच्या ताटात त्यानं कुस्करलेली भाकर होती, रश्श्यात भिजून मऊ झालेली. तिनं न विचारता त्यात हात घातला आणि घास घेतला. त्यानंही न पाहता ताट तिच्याकडं जरा सरकवलं. मग एक घास तो, एक घास ती.

रस्सा माझा, गंज माझा, दिवसभराचा धूर माझा, आणि ती त्याच्या ताटातून जेवत होती. मी वाढलेलं ताट तिच्यासमोर निवत होतं. क्षणभर वाटलं, उठून आत जावं आणि दार लावून घ्यावं. गेलो नाही. त्या ताटातला रस्सा संपत आला होता. मी पळी भरून घेतली आणि त्यात वाढलं, दोघांना पुरेल एवढं.